उत्तर : वस्तू नीट येतात, पण चित्र विस्कळीत दिसतं

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. वर्षभर जलरंग शिकताय, घडा छान येतो, झाड छान येतं, पण गोदाघाटाचं चित्र पुरं झालं की 'सगळं सुटं सुटं' दिसतं. क्लासमधले सर 'कंपोझिशन (म्हणजे चित्राची रचना) गंडलंय' एवढं म्हणून पुढच्या टेबलाकडे वळतात. आणि आता तुमच्यापुढे प्रश्न आहे की फी भरून त्याच क्लासची पुढची लेव्हल घ्यावी का. मी अगदी याच जागी काही वर्षं अडकून पडले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक खुलासा. मी कलामहाविद्यालयात शिकलेली नाही. नोकरी सांभाळून चित्रं काढते, बहुतेक जलरंगात, घाट, वाडे, बाजार, माणसं. त्यामुळे पुढचं सगळं दिसणारी गोष्ट रंगवणाऱ्यांसाठी आहे. अमूर्त काम करणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात. वॉश (पातळ रंगाचा थर) कसा द्यायचा, यथादर्शन (लांबचं-जवळचं दाखवायची रीत) म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

तुमच्या सरांबद्दल मला काही म्हणायचं नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण तुम्ही सहज लिहून गेलात की क्लासमध्ये दर आठवड्याला फोटो देतात आणि त्यावरून चित्र करायचं असतं. माझ्या मते सगळी गोम तिथे आहे.

मी ज्या क्लासला जात होते (नाव घेणार नाही, तसे क्लास गावोगावी आहेत) तिथेही लॅमिनेट केलेले फोटो मिळायचे. फोटोवर चौकटी आखायच्या, कागदावर तशाच मोठ्या चौकटी आखायच्या, एकेक चौकट उतरवायची आणि मग रंगवायचं. घरी सगळे कौतुक करायचे. लडाखचं तळं, धावणारे घोडे, पावसातली टॅक्सी. हात सफाईने चालायला लागला, यात वाद नाही. पण कोरा कागद घेऊन मी घाटावर बसले की कुठून सुरुवात करायची तेच कळेना. घाटाचा किती भाग घ्यायचा, देऊळ मधे ठेवायचं की बाजूला, पायऱ्या कुठे कापायच्या, आकाश घ्यायचंच का? फोटोवरून काढताना यातला एकही निर्णय मी घेतलेला नसायचा. तो फोटो काढणाऱ्याने आधीच घेतलेला असायचा. म्हणजे रचना सोडून बाकी सगळ्याचा सराव आम्ही करत होतो.

घाटावरची कच्ची चित्रं मी क्लासमध्ये दाखवायला नेली. 'रचना ॲडव्हान्सला घेतो' असं उत्तर मिळालं. ॲडव्हान्सची फी भरली. तिथे मोठा कागद आणि मोठे फोटो. रचनेच्या नावाखाली झेरॉक्सचं एक पान हातात आलं, त्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा आणि चार छेदांवर टिंबं. पुन्हा विचारलं तर त्याच्या पुढच्या लेव्हलकडे बोट. वर्षाअखेरीस हॉल घेऊन प्रदर्शन, त्याचे पैसे वेगळे, आणि भिंतीवर ओळीने तेच घोडे, तेच तळं, फक्त सह्या निराळ्या. घरची मंडळी लांबून बघायला आली होती. कोणतं चित्र माझं, हे त्यांना सही वाचल्याशिवाय ओळखता आलं नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पैसे गेले त्याचं एक वेळ सोडून देईन. पण उमेदीची वर्षं गेली आणि 'आपल्यालाच रचनेची दृष्टी नाही' ही समजूत मनात घट्ट बसली, त्याचा मला अजून राग आहे. तुम्हीही पोस्टच्या शेवटी लिहिलंय, 'बहुतेक माझ्यात ते नाहीच.' कृपा करून असं समजू नका. जे तुम्हाला कुणी करायलाच दिलं नाही, ते जमत नाही असं आत्ताच कसं ठरवता?

आता तुम्ही लावलेल्या चित्राकडे येते. पायऱ्यांच्या आडव्या रेघा डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग गेल्यात. देऊळ बरोब्बर मधे. पायऱ्यांवर पाच माणसं, जवळजवळ सारख्या अंतरावर आणि सारख्या उंचीची. उजव्या कडेला चिकटून लालभडक छत्री. आणि प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची सावली, स्वतःची कड, भोवती थोडी मोकळी जागा. सुटेपणा मला या शेवटच्या गोष्टीतून आलेला दिसतो. तुम्ही देऊळ काढलंत, मग माणूस काढलात, मग छत्री काढलीत. चित्र बघणाऱ्याला मात्र वस्तूंच्या आधी गडद आणि उजेडाचे मोठे तुकडे दिसतात. ते चार-पाच असले तर नजर चित्रात ठरते, पंचवीस असले तर भरकटते.

म्हणून पहिलं काम म्हणजे सावल्या एकमेकींना जोडा. देवळाची सावलीतली बाजू, तिची पायऱ्यांवर पडलेली सावली आणि त्या सावलीत बसलेली दोन माणसं, हा सगळा मिळून एकच गडद आकार आहे. माणसांच्या कडा त्यात विरघळू द्या. डोकं आणि एक खांदा उन्हात आला की माणूस कळतो, बाकीचा काढायची गरजच नसते. आपल्याला भीती वाटते की कड घातली नाही तर वस्तू समजणार नाही. समजते.

हे थेट मोठ्या कागदावर जमत नाही. त्यासाठी छोटी कच्ची रेखाटनं करायची, ज्याला सगळे थंबनेल म्हणतात. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी चौकट पुरे, पण तिचं प्रमाण कागदाचंच हवं. क्वार्टर इम्पिरियल आकाराचा कागद म्हणजे ११ बाय १५ इंच, तर चौकट साधारण सव्वादोन बाय तीन इंचांची. पुष्कळ जण चौरस डबीत छान रचना करतात आणि मग ती लांबट कागदावर ताणतात, तिथेच ती बिघडते. जाड ६बी पेन्सिल घ्या, टोक न काढता. तीनच छटा ठेवायच्या : कागदाचा पांढरा, एक मधला राखाडी, एक काळा. तपशील शून्य. तुमचा घाट असा किमान सहा-सात वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडून बघा. एकात देऊळ डावीकडे आणि वरून कापलेलं, एकात आकाश अजिबात नाही, एकात नुसत्या पायऱ्या आणि पाणी, एकात उभी चौकट. पहिली दोन-तीन सगळ्यांचीच सारखी येतात, कारण घाट बघून आधी सुचतं ते पोस्टकार्डावरचं दृश्य. ते हातावेगळं झालं की पुढची तुमची स्वतःची यायला लागतात. मग वही भिंतीला टेकवून लांब उभ्या राहा आणि डोळे किलकिले करून बघा. जे लांबूनही ओळखू येतं ते मोठं करा.

जागेवर बसल्यावर समोरचं सगळंच घ्यावंसं वाटतं. त्यावर उपाय म्हणून जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून काटकोनाचे दोन तुकडे कापून ठेवा. ते एकमेकांवर सरकवून हवी ती चौकट होते आणि तिच्यातून बघून काय टाकायचं ते ठरतं. मोबाइलपेक्षा मला हे बरं वाटतं, कारण मोबाइल दृश्य स्वतःच सपाट करून टाकतो. मोबाइलचा उपयोग उलट बाजूने आहे. आपल्या चित्राचा फोटो काढून तो काळापांढरा करा आणि आरशात दिसतो तसा डावं-उजवं उलटा करून बघा. सवयीने न दिसणारा कल लगेच दिसतो.

आता त्या दोन उभ्या-दोन आडव्या रेघांबद्दल, म्हणजे चित्राचे तीन-तीन सारखे भाग पाडणाऱ्या 'रूल ऑफ थर्ड्स'बद्दल. हे नाव १७९७ मध्ये इंग्लंडच्या जॉन थॉमस स्मिथ यांनी ग्रामीण निसर्गदृश्यांविषयी लिहिताना वापरलं. त्यांचा भर निसर्गचित्रात आकाश-जमीन किंवा उजेड-अंधार यांची निम्मी-निम्मी वाटणी टाळण्यावर होता. तेवढं मला पूर्ण मान्य आहे, कारण समसमान वाटलेल्या चित्रात कुणाचंच प्राबल्य राहत नाही. पण पुढे त्याचा 'महत्त्वाची वस्तू छेदबिंदूवर ठेवा' असा मंत्र झाला, आणि तो पाळूनही चित्र विस्कळीत राहू शकतं. तुमचं देऊळ सरकवून त्या तृतीयांशाच्या रेघेवर नेलंत, तरी ते पंचवीस तुकडे पंचवीसच राहणार. सोनेरी गुणोत्तराची (सुंदर मानलेल्या ठरावीक प्रमाणाची) ती गोगलगायीसारखी वळणारी रेघ कुठल्याही प्रसिद्ध चित्रावर चिकटवणाऱ्यांवर तर फार विश्वास ठेवू नका. जागा थोडी इकडेतिकडे केली की ती कशावरही बसते.

त्यापेक्षा चांगली चित्रं समोर घ्या आणि त्यांचीच थंबनेलं करा. अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी बघा. भोवती माणसांची, झाडांची, महालांची दाटी आहे, तरी नजर त्याच्याकडेच जाते. तो इतरांपेक्षा खूप मोठा आहे आणि त्याच्या त्रिभंगाचं (शरीर तीन ठिकाणी वळवून उभं राहण्याचं) वळण, झुकलेली मान, हातातलं कमळ हे सगळं एका लयीत आहे. सगळं काढूनही प्राबल्य एकालाच कसं देता येतं, ते इथे शिकायला मिळतं. याच्या उलट जपानी चित्रकार होकुसाईची लाट, १८३१ च्या आसपासची. फुजी पर्वत अगदी छोटा, पण लाटेच्या पोकळीत असा ठेवलाय की तो चुकत नाही. मोकळी सोडलेली जागाही आकार असते, हे मला त्या चित्रावरून नीट समजलं. चित्रकार अमृता शेरगिल यांचं १९३५ चं 'थ्री गर्ल्स' घ्या. मागे जवळजवळ काहीच नाही, तिघी एकमेकींना चिकटून एकच आकार झाल्यात, आणि नजरा खाली वळलेल्या. तिघींना सुटं सुटं बसवून थंबनेल करून बघा, चित्रातला भार निघून जातो.

आणि तुम्ही जलरंगात काम करता म्हणून सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आवर्जून बघा. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिवा घेतलेली स्त्री, तिने हाताने ज्योत झाकलेली. अनेक जण ते राजा रवि वर्म्यांचं तेलरंगातलं समजतात, पण ते हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. त्यातला सगळ्यांत मोठा उजेड एकाच ठिकाणी गोळा झालाय, चेहरा आणि बोटं यांच्याजवळ, आणि बाकी चित्र मुद्दाम दबलेलं आहे. तुमच्या छत्रीचा प्रश्न इथे सुटेल. सगळ्यांत भडक रंग आणि सगळ्यांत तीव्र उजेड-सावली तुम्ही कडेला नेऊन ठेवलीत, म्हणून नजर तिथून चित्राबाहेर निसटते. छत्री आत घ्या, देवळाच्या सावलीपुढे. नाहीतर कडेलाच ठेवायची असेल तर तिचा रंग मळका करा.

ही चित्रं बघून उतरवणं आणि फोटोवरून चौकटींनी उतरवणं, दोन्ही नक्कलच ना, असं कुणीतरी म्हणेल. फरक आहे. थंबनेल करताना तुम्ही तपशील टाकून सांगाडा शोधता, चौकटींच्या पद्धतीत सांगाडा न बघता तपशील भरत जाता.

काही बारीक गोष्टी ओघात सांगते. माणसाचं डोकं पायरीच्या रेघेला नुसतं टेकवू नका. एकतर ते रेघेवर चढवा, नाहीतर पुरतं खाली ठेवा. टेकणाऱ्या कडा चित्रातला खोलीचा भास मारून टाकतात. पायऱ्यांच्या आडव्या रेघा कुठेतरी तुटायला हव्यात, एखादा दीपस्तंभ, वाळत घातलेलं धोतर, उभा माणूस. माणसांचे गट करा, तीन एकत्र, एक लांब, एक अर्धा कडेने कापलेला. आणि तुम्ही वरच्या पायरीवर बसून काढत असाल तर तुमची क्षितिजरेषा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, बऱ्याच खालच्या पायऱ्यांवरच्या माणसांची डोकी तिच्या खालीच यायला हवीत. तुमच्या चित्रात दोघांची वर गेलीत, म्हणून ते तरंगताना दिसतात. ही चूक रचनेची नाही, पण नावं रचनेलाच ठेवली जातात.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असायचा, आठवतं? समोर काही नाही, फक्त विषय, आणि माणसांसकट प्रसंग मनाने मांडायचा. माझ्या मते रचना शिकवणारा खरा पेपर तोच होता. पण पुष्कळ शाळांत त्याचीही तयार चित्रं पाठ करून घेतात, विहिरीवरच्या बायका आणि भाजीबाजार, ठरलेल्या जागी ठरलेलं झाड. तुम्ही ती परीक्षा दिली असेल तर ते विषय पुन्हा काढा आणि या वेळी पाठ केलेलं सोडून आपल्या गल्लीतला बाजार मांडा. आठवणीतून काढताना बिनकामाचं आपोआप गळतं.

आता फीचा प्रश्न. मी तुमच्या जागी असते तर भरण्याआधी दोन गोष्टी विचारल्या असत्या. माझी स्वतःची, जागेवर केलेली कच्ची रेखाटनं कुणी बघून त्यावर पेन्सिल फिरवून दाखवणार का? आणि एकाच विषयाच्या चार मांडण्या करायला लावून त्यांतली कोणती आणि का निवडायची यावर बोलणार का? दोन्हींना हो असेल तर क्लास जरूर करा, चांगल्या शिक्षकाची नजर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. 'ते पुढे बघू' असं उत्तर आलं तर ते पैसे चांगल्या कागदावर खर्च करा, आणि रविवारी सकाळी घाटावर स्केचिंगला येणारे लोक असतात त्यांच्यात जाऊन बसा. इथे पुढच्या वेळी पूर्ण चित्र लावू नका. त्याच घाटाची थंबनेलं लावा, आवडलेली-न आवडलेली सगळी, मी प्रत्येकावर लिहीन. बाकीचे जाणकारही लिहितील, आणि माझं काही चुकत असेल तर तेही सांगतील.