पगार थांबणार, हप्ता मात्र चालूच

प्रश्न : वय ४६. सोळा वर्षं शारजात एसी-चिलरच्या कामावर फोरमन आहे. पगार ८,००० दिरहम, त्यात बेसिक ४,५००. वडिलांना (७२) अर्धांगवायूचा झटका आला. आईला (६८) एकटीला त्यांचं उठवणं-बसवणं झेपत नाही. म्हणून मे महिन्यात कायमचा चिपळूणला परततोय. पत्नी तिथेच असते, मुलगी नववीत आहे. एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची मुदत ठेव) ५२ लाख आहे, ग्रॅच्युइटी ३० लाखांपर्यंत येईल. शिवाय बँकेतून एक गॅरंटीड प्लॅन (विमा पॉलिसी) घेतलाय, वर्षाला ६ लाख, दहा वर्षं. परतल्यावर एफडी मोडू का? व्याजावर कर लागेल का?

उत्तर : विचारलंत त्याचं उत्तर छोटं आहे. एफडी मोडू नका. परतलात की बँकेला कळवून खातं निवासी करून घ्या, ठरलेला दर मुदतीपर्यंत मिळत राहील. व्याज तेव्हापासून करपात्र होईल, पण ते वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, आणि नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर करच नाही. टीडीएस कापला गेला तर रिटर्न भरून परत घ्या.

झोप उडायला हवी ती त्या ‘शिवाय’ने. मे महिन्यानंतर तुमचा पगार शून्य. मग पुढचे नऊ हप्ते, म्हणजे ५४ लाख, कुठून भरणार? एफडीतूनच. सात टक्के देणारी एफडी दर वर्षी थोडी थोडी मोडून त्या प्लॅनमध्ये घालायची. आणि प्लॅन देणार काय? तुम्ही पाठवलेल्या कागदानुसार दहा वर्षांत ६० लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर १ कोटी घ्यायचे. ‘१ कोटी’ हा आकडा ठळक अक्षरांत छापलाय; परतावा जेमतेम पाच टक्के पडतो, तो कुठेच छापलेला नाही. वर ‘टॅक्स फ्री’ म्हणून सांगितलं. एप्रिल २०२३ पासूनच्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर गेला, की मुदतीअंती मिळणाऱ्या रकमेतल्या नफ्यावर कर लागतो. तुमचा हप्ता ६ लाख. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने विकू नये, आणि ठाऊक असेल तर काय म्हणावं?

नशिबाने पॉलिसीची कागदपत्रं येऊन तीनच आठवडे झाले होते. कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. थोडी कापाकापी होऊन हप्ता परत मिळतो. म्हणून पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला ई-मेल केला. त्यावर तुम्ही कळवलंत, की प्लॅन विकणारा बँकेचा मॅनेजर गुहागरचा आहे, आपला माणूस आहे, त्याला वाईट वाटेल. वाटू दे. अर्ज त्याच्या हाती न देता थेट विमा कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या. त्याच्याकडे दिलात तर तो ‘साहेब, बघतो’ म्हणेल आणि तिसावा दिवस उलटेल.

आता ग्रॅच्युइटी. ती पूर्ण पगारावर नसते, बेसिकवर असते. पहिल्या पाच वर्षांना प्रत्येकी २१ दिवस, पुढच्या अकरा वर्षांना प्रत्येकी ३० दिवस. तुमचा दिवस १५० दिरहमचा. बेरीज ६५,००० दिरहम, म्हणजे साधारण १५ लाख रुपये. तीस नव्हे.

तर पॉलिसीचे ६ लाख परत आले असं धरून तुमच्याकडे ७३ लाख आहेत. घरखर्च तुम्ही ३५ हजार लिहिलाय. वडिलांचा मदतनीस, फिजिओथेरपी, डायपर, औषधं मिळून २५ हजार. वर्षाला ७ लाख २० हजार. मुलीच्या शिक्षणाचे १२ लाख आजच बाजूला काढा. उरलेल्या ६१ लाखांवर सात टक्क्यांनी महिना ३५ हजार येतात. २५ हजार कमी पडतात आणि महागाई अजून मोजलेलीच नाही. प्लॅन चालू ठेवलात तर मुलीचे पैसे धरूनही पाच-सहा वर्षांत तळ दिसेल.

त्या २५ हजारांसाठी तुम्हाला काम करावं लागेल. चिपळूणजवळ लोटे परशुराम एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत, आणि चिलर बिघडला की तिथे उत्पादन अडतं. मेंटेनन्सची एक-दोन कंत्राटं आत्ताच बोलून ठेवा. परतल्यावर ‘बघू काहीतरी’ म्हणणाऱ्यांचं पहिलं वर्ष गावात सगळ्यांना भेटण्यातच जातं.

एफडीतले ३० लाख मुदत संपेल तसे आईच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. सध्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० येतात. मुलाने आईला दिलेल्या रकमेवर कर नाही. मदतनिसाचा पगार त्यातून सुटतो.

वडिलांना आता खासगी आरोग्य विमा मिळणं अवघड, मिळालाच तरी जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता ‘आयुष्मान’चं ५ लाखांचं कार्ड मिळतं, ते पत्नीला या आठवड्यातच काढायला सांगा आणि जवळची कोणती रुग्णालयं त्यात आहेत तेही विचारून घ्या. तुमचा स्वतःचा आरोग्य विमा नोकरीतल्या कंपनीचा आहे, व्हिसाबरोबर तोही जाईल. भारतातली पॉलिसी तिथे असतानाच घ्या, तिघांची मिळून. शुगर ‘बॉर्डरवर’ आहे म्हणता, ती अर्जात लिहा. लपवलीत तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतील.

दोन बहिणी आहेत असंही लिहिलंय. आईच्या नावावरच्या त्या ३० लाखांना नुसतं नॉमिनी लावून भागत नाही, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसे भरण्याआधी दोघींना फोन करून सांगा ते कुणाचे आहेत, आणि आईकडून मृत्युपत्र करून घ्या.