शिकारीचे बाण: मापाचे बनवून घ्यावेत की घरीच पिसं लावावीत?

प्रश्न असा आहे: परवाना घेऊन धनुष्याने शिकार करणारे एक वाचक दर वर्षी डझनभर कार्बनचे बाण मापाप्रमाणे बनवून घेतात. यंदा त्यांनी हिशेब मांडला की सुटे शाफ्ट (बाणाच्या नळ्या) आणून घरी कापले, इन्सर्ट (टोक बसवायचे आतले तुकडे) चिकटवले आणि पिसं लावली, तर डझनामागे बरीच बचत होईल. त्यासाठी फ्लेचिंग जिग (पिसं नेमक्या जागी बसवणारा साचा), कटिंग सॉ, शाफ्टचं टोक काटकोनात घासायचं साधन, ग्रेन या अगदी लहान एककात मोजणारा वजनकाटा आणि स्पिनर (बाण फिरवून बघायचं साधन) एकदमच घ्यायचा बेत आहे. पैसे कमी पडतील तेवढे क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर, आणि हप्ते मित्रांना बाण बनवून देऊन फेडायचे. शिवाय पुढच्या वर्षी ६० पाउंड ओढीवरून ७० पाउंड ओढीच्या धनुष्यावर जायचा विचार आहे. हंगाम दहा आठवड्यांवर आला आहे.

नमस्कार,

तुम्ही सगळे आकडे पाठवलेत हे फार बरं झालं. तुलना सोपी जावी म्हणून तुमच्या तयार डझनाची किंमत १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मांडतो. त्याच दर्जाचे सुटे शाफ्ट, नॉक (दोरीत अडकणारं मागचं खाचेचं टोक) आणि इन्सर्टसकट, ६६ ला पडतात. ३६ व्हेन (प्लॅस्टिकची पिसं, एका बाणाला तीन) आणि गोंद ७, रॅप (पिसांखाली शाफ्टवर गुंडाळायची पट्टी) ५. म्हणजे घरचा डझन ७८ ला आणि बचत २२. ही बेरीज बरोबर आहे. हत्यारांची बेरीज अशी: जिग ३५, सॉ ८०, टोक घासायचं साधन १५, काटा १० आणि स्पिनर १५, एकूण १५५. डझनामागे २२ वाचत असतील तर १५५ भरून निघायला सात डझन लागतात. तुम्ही वर्षाला एक डझन वापरता, म्हणजे सात वर्षं. कार्डावरचं व्याज यात अजून धरलेलंच नाही.

इथेच थांबलो असतो तर उत्तर 'बाण बनवूनच घ्या' असं आलं असतं. पण तुमच्या पत्रात अगदी खाली एक ओळ आहे आणि माझ्या मते सगळा निर्णय तिच्यावर फिरतो. गेल्या वर्षी २२ बाणांची पिसं उखडली, ती परत लावून घेण्यासाठी बनवणाऱ्याकडे पाठवली आणि जाण्यायेण्याच्या खर्चासकट ६५ गेले. नव्या डझनावर वाचणाऱ्या २२ च्या जवळजवळ तिप्पट रक्कम ही. घरी एका बाणाला तीन व्हेन आणि गोंद मिळून ०.६ खर्च येतो, म्हणजे २२ बाणांना साधारण १३. वर्षाला ५२ वाचतात आणि त्यासाठी लागते फक्त ३५ ची जिग. तिचे पैसे आठ महिन्यांत वसूल होतात. खरी बचत नवा बाण बनवण्यात नाही, जुना बाण वापरात ठेवण्यात आहे. कार्बनचा शाफ्ट धड असेपर्यंत त्याची किंमत शाबूत असते. एकाच ठिपक्यावर नेम धरून मारताना आधीच्या बाणाला घासून उखडतात त्या व्हेन, आणि त्याच सगळ्यात स्वस्त आहेत.

म्हणून जिग घ्या, सॉ घेऊ नका. तुमच्या जवळचा धनुर्विद्येचा दुकानदार डझनभर शाफ्ट कापून, टोकं घासून, इन्सर्ट बसवून द्यायला ६ घेतो असं तुम्हीच लिहिलंय. सॉ आणि घासायचं साधन मिळून ९५. भागिले ६, म्हणजे सोळा वर्षं. आणि सॉ नुसता विकत घेऊन भागत नाही. कार्बनला वेगाने फिरणारी अपघर्षक चकती लागते. पाइप कटर किंवा करवतीने कापलं की तंतू फाटतात आणि टोकाला बारीक चीर राहते, ती पुढे ताणाखाली वाढत जाते. कार्बनची भुकटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क लागतो, भुकटी ओढून घ्यायची सोय लागते. दुकानदार नसताच किंवा फार लांब असता, तर हिशेब वेगळा झाला असता.

काटा आणि स्पिनर यांपैकी स्पिनर कधीतरी घ्यायला हरकत नाही. ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक) लावून बाण फिरवल्यावर टोक थरथरतं का, एवढं तो दाखवतो आणि शिकारीच्या बाणात ते पाहणं गरजेचंच आहे. मात्र कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर ब्रॉडहेडचं टोक टेकवून बाण हातात भिंगरीसारखा फिरवला तरी थरथर दिसते, म्हणून यंदा त्यावर १५ घालवू नका. काट्याची तर मुळीच घाई नको. ४५० ग्रेनच्या बाणात ५ ग्रेनचा फरक म्हणजे जेमतेम १ टक्का. त्याने वेग अर्ध्या टक्क्याच्या आसपास बदलतो आणि सेकंदाला २७० फूट वेगाने सुटलेला बाण ३० यार्डांवर साधारण पाव इंच वरखाली लागतो. तेवढा फरक नेमबाजाच्या हातातच असतो. बनवणारा डझन एक-दोन ग्रेनच्या आत जुळवून देतो हे त्याचं कौशल्य आहे, पण शिकारीच्या अंतरावर त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पैसे खरे बुडतात ते चुकीच्या स्पाइनमध्ये, म्हणजे शाफ्टच्या ताठपणात. स्पाइनचा आकडा म्हणजे २८ इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मध्यावर १.९४ पाउंड टांगले तर तो किती वाकतो, इंचाच्या हजाराव्या भागांत. आकडा जितका लहान तितका शाफ्ट ताठ. २८ इंचांचा बाण आणि १०० ग्रेनचं टोक असेल तर ६० पाउंडांच्या कंपाउंड (चाकं आणि केबल असलेल्या) धनुष्याला सहसा ४०० च्या आसपासचा शाफ्ट चालतो, ७० पाउंडांना ३४० च्या आसपासचा लागतो. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात बघायचा, कारण कॅमचा, म्हणजे धनुष्याच्या टोकावरच्या चाकाचा, आक्रमकपणाही त्यात धरावा लागतो. मुद्दा असा की पुढच्या वर्षी धनुष्य बदललंत तर आज घेतलेला अख्खा डझन, घरचा असो वा बाहेरचा, नव्या धनुष्याला बहुधा मऊ पडेल. शाफ्ट कापला की तो थोडा ताठ वागतो खरा, पण तुमच्या ओढीच्या लांबीइतके कापून झालेल्या बाणांत ती सोयही उरलेली नसते. जिग आणि सॉच्या वादात तुमचं लक्ष २२ वर आहे, इथे जोखीम १०० ची आहे. म्हणून या वर्षी डझन नकोच, अर्धाच घ्या. नवं धनुष्य हातात आलं की आधी दोन वेगवेगळ्या स्पाइनचे एक-दोन बाण घेऊन, ते जास्तीच्या लांबीचे ठेवून, बिनपिसांचे मारून बघा. लांबी पाव-पाव इंचाने कमी करत जायचं, मग डझनाची ऑर्डर द्यायची.

हे सहा बाण यंदा बनवूनच घ्या, घरी पिसं लावलेले नकोत. सहाला ५५ सांगितलेत. तेच दुकानदाराकडून कापून आणून घरी पूर्ण केले तर ४२ च्या आसपास पडतील. फरक १३ चा आहे आणि तो दहा आठवड्यांवर आलेल्या हंगामासाठी देण्यासारखा आहे. फील्ड पॉइंटला, म्हणजे सरावाच्या साध्या टोकाला, पिसांमधली छोटी चूक खपते, ब्रॉडहेडला खपत नाही. त्याची पाती पुढच्या टोकाला स्वतःच हवा धरतात आणि मागची पिसं एकसारखी नसतील तर बाण भरकटतो. नव्या जिगवरचे पहिले बाण सरावासाठीच ठेवा.

आता जिग कोणती आणि पैसे कुठे वाया जातात ते सांगतो, कारण स्वस्तात घेतलेली चुकीची जिग पुन्हा घ्यावी लागते. बिट्झेनबर्गरसारखी धातूची जिग एका वेळी एक व्हेन बसवते, महाग असते, पण पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि विकायला काढली तर चांगली किंमत येते. ॲरिझोना ईझी फ्लेचसारखी जिग तिन्ही व्हेन एकदम बसवते, वेळ वाचतो, पण त्यातला कोन ठरलेला असतो. तुमची ३५ ची जिग एकेक व्हेनवाली आहे, क्लॅम्प (व्हेन धरणारा चिमटा) बदलून व्हेन सरळ किंवा हेलिकल (शाफ्टभोवती पीळ देऊन) लावता येते. तीच ठीक आहे. क्लॅम्प मात्र तुमच्या व्हेनच्या लांबीला आणि शाफ्टच्या जाडीला जुळतो का हे विकत घेण्याआधी बघा. तपासायची रीत सोपी आहे: गोंद न लावता व्हेन क्लॅम्पमध्ये धरून शाफ्टवर बसवायची आणि उजेडासमोर धरायची. व्हेनच्या मधल्या भागाखाली किंवा टोकाशी उजेडाची फट दिसली तर हेलिकलचा पीळ त्या शाफ्टसाठी जास्त आहे. पीळ कमी करा, नाहीतर सरळ क्लॅम्पवर १ ते ३ अंशांचा तिरपेपणा द्या. फट तशीच ठेवून गोंदाने भरली तर ती व्हेन चार-दोन फेऱ्यांत सुटते. खरी पिसं लावणार असाल तर डाव्या पंखाच्या पिसाला डावा पीळ आणि उजव्याला उजवा, यात अदलाबदल चालत नाही.

जुन्या बाणावरची व्हेन काढताना धारदार पातं आडवं धरून खरवडू नका, वरचे तंतू कापले जातात. बोथट सुरी किंवा व्हेन काढायचं साधन शाफ्टच्या दिशेने ढकलायचं. रॅप असेल तर तेवढा भाग गरम पाण्यात धरला की रॅप व्हेनसकट सोलून निघतो. हॉट एअर गन वापरू नका, जास्त उष्णतेने कार्बनमधलं रेझिन खराब होतं आणि शाफ्ट बाहेरून धड दिसला तरी आतून गेलेला असतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि त्या जागेला बोट लावायचं नाही. त्वचेचं तेल हे व्हेन सुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. प्लॅस्टिकच्या व्हेनला झटपट सुकणारा सायनोॲक्रिलेट गोंद तळावर एकच पातळ रेघ पुरतो. रेघ जाड झाली तर गोंद बाजूला येऊन क्लॅम्पला चिकटतो आणि सुकल्यावर ठिसूळ कडा राहते. क्लॅम्प मिनिटभर धरा, पुढची व्हेन १२० अंशांवर. तिन्ही झाल्या की प्रत्येकीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला गोंदाचा एकेक थेंब. पुढचा थेंब विसरला तर बाण निशाणात घुसताना तिथूनच व्हेन उचलली जाते. नॉकपासून व्हेनपर्यंतचं अंतर सगळ्या बाणांवर सारखं ठेवा आणि कंपाउंडच्या केबलला व्हेन घासत नाही ना, हे पहिल्याच बाणावर बघा.

खरवडणं, पुसणं, लावणं धरून २२ बाणांना वर्षाला सुमारे पाच तास लागतील. ५२ ची बचत भागिले पाच, म्हणजे तासाला एका नव्या बाणापेक्षा थोडं जास्त. तुम्हाला हे काम आवडतं असं पत्रावरून दिसतं, तेव्हा हे चांगले पैसे आहेत.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. पिसं उखडलेला बाण परत वापरात घेण्याआधी दोन्ही टोकं धरून हलका वाकवा, फिरवत फिरवत सगळीकडून, आणि कान देऊन ऐका. कुरकुर ऐकू आली, चीर दिसली किंवा नखाला खाच लागली तर तो शाफ्ट मोडून टाकून द्या. चिरलेला कार्बन धनुष्यातून सुटताना फुटतो आणि त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. २२ पैकी तीन-चार बाण असे गेले तरी वरचा हिशेब कोसळत नाही.

मित्रांना बाण विकण्याची कल्पना मी तरी सोडून देईन. तुम्ही डझन ९० ला देणार, खर्च ७८, हातात १२. शाफ्ट कापण्यापासून सगळं धरून तीन-चार तास गेले तर तासाला ३-४ पडतात. एका मित्राने स्पाइन चुकली म्हणून एक डझन परत केला तर साडेसहा डझनांचा नफा त्यात जातो, आणि तुमच्या हातून इन्सर्ट चुकीचा बसलेला बाण कुणाला लागला तर ती जबाबदारी कुठल्याच हप्त्यात बसत नाही. अशा मिळकतीच्या भरवशावर कार्ड वापरणं मला अजिबात पटत नाही. मित्रांच्या उखडलेल्या व्हेन फुकट लावून द्या, हात बसेल.

छंदासाठी वर्षाला २०० ठेवता असं लिहिलंय. जिग ३५, शंभर व्हेन आणि गोंद मिळून १५, सहा तयार बाण ५५. एकूण १०५. उरलेले ९५ बचत खात्यात तसेच राहू द्या, नव्या धनुष्याच्या शाफ्टसाठी ते लागणार आहेत. कार्डाला हातही लागत नाही. ब्रॉडहेडचा खर्च दोन्ही वाटांनी सारखाच असल्याने तो मी कुठे धरलेला नाही, तो याच ९५ मधून जाईल हे लक्षात असू द्या.

सहा बाणांची ऑर्डर याच आठवड्यात द्या आणि लांबी नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या शेवटापर्यंत लिहा, टोक धरून नाही. या एका गोंधळाने बाणांची लांबी चुकते. नॉक आणि व्हेन यांची नेमकी मॉडेलं लिहून मागवा, म्हणजे पहिली व्हेन उखडेल तेव्हा तीच घरी लावता येईल.