बाइकची सर्व्हिसिंग : घरी की शोरूममध्ये?

प्रश्न : माझी १५० सीसीची फ्युएल इंजेक्शन, एबीएस असलेली बाइक आहे. फ्री सर्व्हिसिंग संपल्या. ऑइल आणि चेनचं काम घरी करता येईल का?

उत्तर : जरूर करा. पाच मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट करा, बंद करा, गाडी सरळ उभी करून ड्रेन बोल्ट सोडा. बोल्टचा वॉशर दर वेळी नवाच घाला. जुना दबलेला असतो. मग ठिबकतं, लोक बोल्ट आणखी आवळतात आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. दहा-वीस रुपये वाचवायला गेलं की असं महागात पडतं. ऑइलची ग्रेड आणि माप मॅन्युअलप्रमाणे, डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (बाइकच्या ऑइलमधल्या क्लचसाठीचं जपानी मानक) हवंच. कारचं ऑइल नको : बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, प्लेटा घसरतात.

ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन मऊ ब्रश आणि रॉकेलने धुवा, पेट्रोलने रबर खराब होतं. पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. चाक हाताने फिरवा. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये टाकून चेन पुसणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) चिरडतात. चेनचा ढिलेपणा साधारण २० ते ३० मिमी, नक्की आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर.

एबीएसचं ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं), व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) आणि विझत नसलेला चेक-इंजिन दिवा मात्र डीलरकडेच न्या. बिघाडाचा कोड वाचायला स्कॅनर लागतो. वॉरंटी बाकी असेल तर ठरलेल्या सर्व्हिसिंग तिथेच करा, बिलं जपून ठेवा. जुनं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.