फुकट मिळालेली होडी आणि हातातले चाळीस हजार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. क्लबच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पालथी पडलेली एंटरप्राइझ जातीची शिडाची होडी तू मागून घेतलीस आणि टेम्पोत घालून घरी आणलीस, याचा मला फार आनंद झाला. चाळीस हजारांत ती पाण्यावर जाईल का, असं तू विचारलं आहेस. जाईल. पण आधी एक ठरवून घे. पैसा जाईल तो फक्त तुझा जीव सांभाळणाऱ्या गोष्टींवर: पाणी बाहेर अडवणारं लाकूड, डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा आणि होडी उलटली तरी तिला तरंगती ठेवणारी कोंडलेली हवा. बाकी रंग, पॉलिश, चकचकीत कप्प्या, सगळं पुढच्या वर्षी बघू. जुन्या होड्या अर्ध्यावर पडून राहतात त्या बहुतेक वेळा याच्या उलट क्रमाने काम केल्यामुळे. वरून रंग लागतो, मग आतलं कुजलेलं दिसतं, तोवर पैसे आणि उमेद दोन्ही संपलेली असतात.

होडी निवडण्यात तुझं नशीब चांगलं आहे. जॅक होल्ट या इंग्रज आराखडाकाराने 1956 साली ही होडी आणली ती हौशी माणसाला घरच्या अंगणात प्लायवूडची बांधता यावी म्हणून. लांबी चार मीटरच्या जरा वर, दोन माणसं, दोन शिडं. तिच्या अंगाला गोलाई नाही. सपाट पट्ट्या कोनात जोडून आकार दिला आहे. त्यामुळे खराब झालेला भाग कापून नवा बसवणं आपल्यासारख्यांना जमतं. पुढे फायबरच्याही पुष्कळ निघाल्या, पण तुझी लाकडी आहे, आणि दुरुस्ती शिकायला लाकडीच चांगली.

पहिलं काम वजन. भंगारवाल्याकडे लटकता काटा असतो, तो एक दिवस मागून घे. डोलकाठी, शिडं, सुकाणू सगळं बाजूला काढ. मागचं टोक ठोकळ्यावर टेकवून पुढचं टोक काट्याला लटकव, मग उलट कर, आणि दोन्ही आकडे मिळव. रिकामं अंग नव्वदेक किलो भरायला हवं. एकशे वीस भरलं तर वरचे तीस किलो बहुतेक लाकडात मुरलेलं पाणी आणि रंगाचे थर असणार. पाणी असेल तर घाई नको. दिवाळी झाली आहे, हवा कोरडी होत चालली आहे. होडी पालथी करून, खाली हवा खेळेल अशी दोन ठोकळ्यांवर, ताडपत्रीच्या सावलीत ठेव. ताडपत्री अंगाला चिकटू देऊ नकोस, नाहीतर आत घाम धरतो आणि सुकायच्या ऐवजी लाकूड आणखी कुजतं.

सुकत असतानाच ठोकून बघायचं. स्क्रूड्रायव्हर उलटा धर आणि त्याच्या लाकडी मुठीने टिचकी मारल्यासारखं ठोकत जा, वीतभर अंतराने, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. शाबूत प्लाय टणक, वर उसळणारा आवाज देतो. थर सुटला असेल तर आवाज बद्द येतो आणि मुठीला उसळी मिळत नाही. तिथे खडूने गोल कर. मग टोच्या घेऊन त्या गोलांत हलकेच दाब. सहज आत गेला आणि टोकाला काळपट ओला भुसा आला तर ती जागा गेली. सगळ्यात जास्त वेळ सेंटरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून मधून खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या बुडाशी घालव, कारण पेटी आणि मधला कणा जिथे मिळतात तिथे पाणी वर्षानुवर्षं साचून राहतं. त्याखालोखाल मागच्या फळीचे खालचे दोन कोपरे, डोलकाठीचं बूड बसतं ती खोबण, आणि बाजूच्या तारा जिथे पट्टीने अंगाला बांधल्या आहेत त्यामागचं लाकूड. हे शेवटचं वरून दिसत नाही. पट्टीचे बोल्ट काढ, आत बॅटरी मारून बघ.

इथे एक कठोर गोष्ट सांगतो. मधला कणा पेटीच्या दोन्ही बाजूंनी लांबवर भुसभुशीत निघाला, तर ही होडी सोडून दे. डोलकाठी, बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी), सुकाणू, कप्प्या काढून ठेव आणि दुसऱ्या क्लबकडे दुसरं अंग माग. जुनी अंगं अजून पुष्कळ शेडमध्ये पडून आहेत. एक-दोन फूट पट्ट्या, कोपरे, अगदी अर्धी मागची फळी गेली असेल तरी हरकत नाही, ते सगळं होतं.

शेजारच्या कोळीवाड्यातल्या सुताराला दाखवू का, असं तू विचारलंस. जरूर दाखव, त्याच्याकडून रंधा कसा धरायचा आणि पट्टी कशी वाकवायची ते शीक. ते हात आता दुर्मिळ होत चालले आहेत, कारण किनाऱ्यावर नवीन होड्या फायबरच्याच होतात. मात्र त्याने फटीत कापूस ठोकायचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचं म्हटलं तर नम्रपणे नको म्हण. ती रीत जाड सागवानी फळ्यांसाठी अचूक आहे. पाण्यात फळी फुगते आणि कापूस दाबून फट बंद होते. प्लायची होडी तशी नाही. ती सबंध एकच चिकटवलेलं कवच आहे. त्यात कापूस ठोकलास तर सांधा उकलेल, आणि तेल मुरलेल्या लाकडाला पुढे एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा गोंद, धरणार नाही.

जुना रंग खरवडताना नाका-तोंडावर चांगला मास्क हवा. इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नकोस. ओला पॉलिश पेपर वापर, आणि खरवडलेलं सगळं गोळा कर.

प्लाय घेताना फळीवर आय.एस. 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघ. शिक्क्यावरही विसंबू नकोस. दुकानदाराकडून एक तुकडा माग आणि घरी काही तास उकळ. थर सुटले तर ती फळी कपाटालासुद्धा नको. कापलेल्या कडेला आत पोकळी दिसता कामा नये. नवा तुकडा जुन्याला जोडताना दोन्ही कडा तिरक्या रंध, जाडीच्या आठपट लांब. सहा मिलिमीटरचा प्लाय असेल तर जवळजवळ पाच सेंटिमीटरचा उतार येतो. खरी मेहनत इथेच आहे. रंध्याचं पातं धारदार असेल तर प्लायचे थर उतारावर पट्ट्यापट्ट्यांसारखे दिसू लागतात, आणि त्या पट्ट्या सरळ, समांतर दिसल्या की उतार बरोबर आलाय असं समजायचं. एखादी पट्टी वळली की तिथे खोलगट झालं आहे.

चिकटवायला एपॉक्सीच. फायबरवाले पॉलिस्टर रेझिन स्वस्त देतील, पण ते लाकडाला एपॉक्सीसारखं धरत नाही, काही वर्षांत साल निघाल्यासारखं सुटतं. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. कधी पॉलिस्टर हाताळायची वेळ आलीच, तर त्यात घालायचं कॅटॅलिस्ट आणि वेग वाढवणारं कोबाल्ट हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नकोस, भडका उडतो. एपॉक्सीचं प्रमाण बनवणाऱ्याने डब्यावर दिलं असेल तेच, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते कायम चिकट राहतं. आपल्याकडच्या उकाड्यात दर दहा अंशांनी काम करायची वेळ साधारण निम्मी होते, म्हणून सकाळी लवकर काम कर, थोडं थोडं कालव, आणि पेल्याऐवजी पसरट ताटलीत ठेव. पेल्यात ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं. सुकल्यावर वर मेणचट थर आला तर आधी पाण्याने आणि घासणीने धू, मगच घास. एपॉक्सीला ऊन सोसत नाही, तेव्हा शेवटी रंग हवाच. साधा चांगला इनॅमल पुरे. होडी रोज बाहेर ओढून ठेवणार आहेस, त्यामुळे शेवाळ-शंख रोखणारा महागडा रंग नको.

आता तारा. जुन्या तारेवरून कापसाचा बोळा फिरव. कुठे तंतू अडकला तर तिथला एक धागा तुटला आहे, आणि ती तार बदलायची. टोकाला, दाबून बसवलेल्या नळीपाशी गंज किंवा चीर असेल तर बोळ्याचीही वाट बघू नकोस. माझं मत विचारशील तर पुढची एक आणि बाजूच्या दोन, अशा तिन्ही तारा नव्याच घे, 316 प्रतीच्या स्टीलच्या. स्टीलचे स्क्रू-बोल्ट मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मिळतील. दारूखान्यातही चक्कर मार, तोडलेल्या जहाजांचं सामान तिथे बघायला मजा येते आणि दोर, बादल्या, ताडपत्र्या स्वस्त मिळतात. पण डोलकाठीच्या तारा ज्यावर बांधल्या जाणार ते शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी) कोणाच्या तरी ढिगातून उचलू नकोस. दोर पॉलिस्टरचा घे. नायलॉन ताणला जातो, शीड वर चढवून बांधलं तरी वाऱ्यात खाली येतं.

शिडं नवी घेऊ नकोस. तुझे सगळे चाळीस हजार तिथेच संपतील. जुन्या शिडाचं कापड बहुधा अजून टिकेल, आधी दोरा जातो. शिवणीत सुई घालून हलकेच उचल. दोरा तुटला तर सगळ्या शिवणी पुन्हा घालायच्या. ताडपत्री आणि तंबू शिवणाऱ्याकडे जाड पॉलिस्टर दोऱ्याने हे काम होतं. कापड ताणलं गेलेलं असल्यामुळे होडी वाऱ्याच्या तोंडावर कमी जाईल आणि जास्त कलेल. शिकायला ते चालतं.

हवेच्या पिशव्या महाग असतात. त्याऐवजी वीस लिटरचे झाकणबंद प्लास्टिकचे कॅन घे. एक कॅन साधारण वीस किलोचा उचल देतो. बाजूच्या बाकांखाली आणि पुढे, दोन्हीकडे सारखे, रुंद पट्ट्यांनी आवळून बांध, कारण उलटल्यावर ते पूर्ण ताकदीने वर निसटू बघतात. लाइफ जॅकेट मात्र नवीन, तुझ्या मापाचं.

होडी तयार झाली की शिडं लावण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात ने, जाणूनबुजून पूर्ण भर, आणि दोघांनी आत बसून पंधरा मिनिटं थांबा. काठ पाण्याच्या वर आणि होडी सपाट राहिली पाहिजे. एका बाजूला झुकली तर कॅन हलव आणि पुन्हा भर. हे झाल्याशिवाय मी तुला बंदरात जाऊ देणार नाही. पहिल्या फेरीला अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तो काळ, धर. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो आणि ओढ जबरदस्त असते. दुपारी वायव्येचा वारा भरतो, म्हणून सकाळी निघ आणि वारा वाढायच्या आत परत ये. सोबत क्लबची एखादी होडी असू दे.

क्लबकडून होडी तुला दिल्याचं दोन ओळींचं पत्र, सही-शिक्क्यानिशी, आजच मागून घे. कमिटी बदलली की असल्या तोंडी गोष्टी कोणाला आठवत नाहीत.

आठवडाभरात मला तीन गोष्टी कळव: दोन्ही टोकांची वजनं, खडूच्या गोलांचे फोटो, आणि पेटीच्या बुडाचा जवळून घेतलेला फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून. तोवर एपॉक्सी आणू नकोस. किती लागेल ते गोल मोजल्यावर ठरवू.

तुझा,
काका