वाचकांचे प्रश्न : वऱ्हाडी जीभ आणि एस्पेरांतोची व्यंजने

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि सध्या एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकते आहे. या भाषेत एका अक्षराचा एकच उच्चार असतो, असे वाचले. आमच्याकडे ‘डोळा’चा ‘डोया’, ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘विहीर’ची ‘इहीर’ होते. या वळणाने माझे उच्चार चुकतील का? — एक वाचिका, जि. यवतमाळ

उत्तर : बहुतेक ठिकाणी चुकणार नाहीत. तिचे निर्माते झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे ही भाषा प्रसिद्ध केली आणि तिच्या १६ नियमांपैकी नववा नियम, शब्द लिहिला असेल तसाच वाचावा, असा आहे. तरीही देशोदेशीच्या बोलणाऱ्यांत उच्चारांचा थोडाफार फरक राहतोच, आणि अर्थ बदलत नाही तोवर तो कोणाला खटकत नाही.

एस्पेरांतोत ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीतच. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, पण ‘लेकरू’मधला ‘ल’ शाबूत राहतो. त्यामुळे तिकडची काळजी सोडा. ‘व’ मात्र जपायला हवा. ‘वीरो’ म्हणजे पुरुष आणि ‘ईरो’ म्हणजे जाणे. ‘इहीर’च्या सवयीने आरंभीचा ‘व’ गळाला, तर शब्दच बदलतो.

दुसरी अडचण समस्त मराठी भाषकांची आहे आणि माझ्या मते तीच अधिक अवघड आहे. ‘गावचा’ आणि ‘गावची’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा : पहिल्यात ‘च’ दंततालव्य, ‘त्स’च्या जवळचा आहे, दुसऱ्यात शुद्ध तालव्य. आपल्याकडे पुढे ‘ई’ आली की ‘च’ आपोआप तालव्य होतो. एस्पेरांतोत मात्र या दोन ध्वनींसाठी दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, ‘त्स’साठी साधा ‘सी’ आणि ‘च’साठी टोपीचा (डोक्यावर टोपीसारखी खूण असलेला) ‘सी’, आणि त्यांच्यापुढे कोणताही स्वर येऊ शकतो. ‘त्सेलो’ म्हणजे ध्येय, ‘चेलो’ म्हणजे पेशी. ठरवणे या अर्थाच्या ‘देत्सीदी’ या क्रियापदात तर ‘त्स’नंतर ‘ई’च येते, तेव्हा ‘देचीदी’ म्हणण्याचा मोह आवरा.

घशातून घासत निघणाऱ्या टोपीच्या ‘एच’साठी फार शिणू नका. रसायनशास्त्राला पूर्वी त्या ध्वनीने सुरू होणारा शब्द होता. आता ‘केमीओ’ हेच रूढ आहे. तो वेळ ‘वीरो’ आणि ‘देत्सीदी’ घोकण्यात घालवा.