वाचक विचारतात: गाद्याची कवटी मोजून जात कळते का?

प्रश्न: पाऊस संपल्यावर किनाऱ्यावर वाळूत अर्धी गाडलेली एक कवटी मिळाली, चोच लांब आहे, दात सगळे गळलेत. बाबा म्हणाले गाद्याची, म्हणजे डॉल्फिनची. टेपने मोजली तर पूर्ण लांबी 53 सेंमी, नुसती चोच 32, सगळ्यात रुंद जागी 20.5. वर एका बाजूला दातांच्या 35 खाचा आहेत. चोचीच्या लांबीला रुंदीने भागलं की जात कळते असं वाचलं, मी भागलं तर 1.56 आलं म्हणजे लांब चोचीचा कॉमन डॉल्फिन. बरोबर ना? खालच्या बाजूचा फोटो जोडलाय. कवटी सध्या पडवीत ठेवलीये.
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर: आधी तुमचं मनापासून कौतुक, खाचा मोजायचं बहुतेकांना सुचतच नाही आणि इथे खरं काम त्या खाचांनीच केलंय. पण उत्तर कॉमन डॉल्फिन नाही. माझ्या मते हा हंपबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असलेला आपल्या किनाऱ्याजवळचाच डॉल्फिन आहे.

तुम्ही वाचलेला भागाकार खोटा नाहीये. 1994 मध्ये हेनिंग आणि पेरिन या संशोधकांनी कॅलिफोर्नियाजवळच्या कॉमन डॉल्फिनच्या कवट्या मोजून दाखवलं होतं की आखूड चोचीच्यांचं गुणोत्तर 1.21 ते 1.47 येतं आणि लांब चोचीच्यांचं 1.52 ते 1.77, मध्ये चक्क रिकामी जागा. पण हा आकडा फक्त आखूड आणि लांब चोचीच्या कॉमन डॉल्फिनमधला फरक सांगायला आहे, कुठलीही कवटी घेऊन भागाकार केला तर दुसऱ्याच जातीची कवटीसुद्धा त्यात बसते, तुमच्याकडे तेच झालंय. आणि पुढे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की वेगवेगळ्या समुद्रातले लांब चोचवाले एकमेकांचे जवळचे नातलग नाहीतच, चोच त्या त्या ठिकाणी वेगळी वेगळी लांबत गेलेली, म्हणून नंतर बऱ्याच तज्ज्ञांनी सगळे एकाच जातीत धरले. अरबी समुद्रातल्या फार लांब चोचीच्यांना उपजात मानतात.

मग मी कशावरून म्हणतोय? तुमच्या फोटोत टाळू बघा. कॉमन डॉल्फिनच्या टाळूला दोन्ही बाजूंनी दातांच्या रांगेला धरून एकेक खोल चर असतो, बोट फिरवलं तरी लागतो, अंधारातही ओळखता येईल इतका. तुमच्या कवटीत तो नाहीच. दुसरं म्हणजे खाचा, कॉमन डॉल्फिनला एका बाजूला चाळीसच्या वर, बऱ्याचदा पन्नाशीच्या आसपास दात असतात, बॉटलनोज नावाच्या दुसऱ्या डॉल्फिनला वीस ते तीसच्या दरम्यान. 35 म्हटलं की हंपबॅकच डोळ्यासमोर येतो, आणि 53 सेंमी ही लांबीही त्यालाच शोभते.

आता मोजण्याबद्दल, कारण इथे खूप जण फसतात. टेप हाडाच्या वळणावरून जातो आणि लांबी वाढते. पूर्ण लांबी म्हणजे चोचीच्या टोकापासून मागे मानेला जोडणाऱ्या दोन गोल उंचवट्यांपर्यंतचं सरळ अंतर, त्याला मोठा कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांमध्ये धरून सरळ अंतर मोजायचं साधन लागतं. चोच कुठे संपते? डोळ्यांच्या पुढे चोचीच्या बुडाशी दोन्हीकडे एकेक खाच असते, तिथे अंगठ्याचं टोक अडकतं, त्या दोन खाचा जोडणारी रेष म्हणजे चोचीचं बूड. लाटांनी घासलेल्या कवटीचं टोक बहुतेक वेळा झिजलेलं असतं, मग लांबी कमीच भरते आणि भागाकारही चुकतो. तसंच पिल्लाची कवटी मोजून जात ठरवू नये, चोचीच्या टोकाकडची हाडं एकमेकांत सांधली गेली असतील तर जनावर पूर्ण वाढलेलं समजतात.

या हंपबॅकचं नाव मलबार किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून 1829 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने ठेवलं, पण नंतर कितीतरी वर्षं त्याला चीनकडच्या हंपबॅकमध्येच मोजत होते. 2014 मध्ये जेफरसन आणि रोझेनबॉम या संशोधकांनी कवट्या, रंग, जनुकं सगळं एकत्र मांडून चार जाती धरल्या तेव्हा आपल्याकडचा पुन्हा स्वतंत्र झाला. आज तो जगात धोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे, म्हणूनच तुमची कवटी मला इतकी मोलाची वाटते.

आणि हो, ती पडवीत ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या परिशिष्ट 1 मध्ये डॉल्फिन येतात, हाडंसुद्धा घरी ठेवता येत नाहीत. वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा, कुठे आणि कोणत्या तारखेला मिळाली ते नीट लिहून द्या, जागा आणि तारीख नसेल तर कवटीची अर्धी किंमत जाते. खालचा जबडा आसपास असेल तर तोही दाखवा, हंपबॅकच्या खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे बरीच लांबपर्यंत जुळलेली असतात.

प्रश्न: कवटीवरून नर की मादी कळतं का? – एक वाचक, पुणे

उत्तर: बहुतेक जातींत नुसतं बघून नाही. गंगेतल्या डॉल्फिनमध्ये मात्र वाढलेल्या मादीची चोच नरापेक्षा लांब असते. त्याची कवटी ओळखायला तर माप लागतच नाही, कपाळावर हाडाच्या दोन मोठ्या कमानी छपरासारख्या पुढे आलेल्या असतात, एकदा पाहिली की विसरणार नाही.