नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह: शिक्षण थांबेल का?

"मॅडम, एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलंय. आता कॉलेजातून काढतील का?" नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा हा प्रश्न. वॉर्डातल्या पोस्टिंगआधी तपासणी झाली होती आणि हातात एका ओळीचा रिपोर्ट होता. तेवढ्यावर कुणाचं शिक्षण थांबवणं चूकच. पण रिपोर्ट खोटा असेल, या आशेवर बसून राहणंही परवडणारं नव्हतं.

आशेला कारण होतं म्हणा. रक्त देण्याच्या चार दिवस आधीच तिने लशीचा पहिला डोस घेतला होता. एचबीएसएजी चाचणी हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या पृष्ठभागावरचं जे प्रथिन शोधते, तेच लशीत असतं. त्यामुळे डोसनंतर १८ दिवसांपर्यंत लागण नसतानाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. आधी रक्त, मग लस हा क्रम पाळला की हा घोळ होतच नाही.

सोडवणूक अँटी-एचबीसी चाचणीने होते, आणि तिच्यासाठी थांबावं लागत नाही. ही अँटिबॉडी विषाणूच्या गाभ्याविरुद्ध तयार होते. लशीत तो गाभा नसतोच. तिची 'टोटल' (जुन्या-नव्या दोन्ही अँटिबॉडी मिळून) पॉझिटिव्ह आली, आयजीएम (ताज्या लागणीत दिसणारी) निगेटिव्ह. महिन्याने एचबीएसएजीही पुन्हा पॉझिटिव्ह. म्हणजे लागण खरी, आणि बहुधा जुनी. 'दीर्घकालीन' असा शिक्का मारायला मात्र एचबीएसएजी सहा महिने टिकलेलं दिसावं लागतं.

सुई कधी टोचली, हे ती आठवत बसली होती. पण धडधाकट प्रौढाला लागण झाली तर ती कायमची राहण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. जन्मावेळी झाली तर सुमारे ९० टक्के. म्हणून आई आणि भावंडांची तपासणी सुचवली. आई पॉझिटिव्ह निघाली, धाकटा भाऊ निगेटिव्ह. त्याची लस लगेच सुरू झाली. "आईमुळे झालं" हे वाक्य घरात कुणी उच्चारण्याआधीच आईशी वेगळं बोलून घेतलं. ते गरजेचं होतं, कारण आपल्याला लागण आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१२ साली स्पष्ट म्हटलं आहे की केवळ दीर्घकालीन हिपॅटायटिस बी आहे म्हणून आरोग्यक्षेत्रातलं शिक्षण किंवा काम नाकारू नये. इंजेक्शन देणं, रक्त काढणं, ड्रेसिंग यांवर बंधन नाही. नेहमीची खबरदारी पुरते. प्रश्न येतो तो पोटाच्या किंवा हाडांच्या मोठ्या शस्त्रक्रियेसारख्या कामांत. तिथे बोटं शरीराच्या आत, न दिसणाऱ्या जागी धारदार वस्तूजवळ असतात. हातमोजा फाटून बोट कापलं तर रुग्णाचा आपल्या रक्ताशी संबंध येतो. त्यासाठी सीडीसीने रक्तातल्या विषाणूची मर्यादा मिलिलिटरमागे १,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) सुचवली आहे. ब्रिटनचा निकष याहून कडक आहे. तिच्या रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, म्हणजे डीएनए, ६४० आला, एएलटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) नॉर्मल, एचबीईएजी (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण) निगेटिव्ह. मर्यादा ओलांडली तरी दारं बंद होत नाहीत: टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर या औषधांनी विषाणूचं प्रमाण खाली आणता येतं. आपल्या कॉलेजाचा नियम मात्र लेखी मागून घ्यावा. तोंडी "चालेल" पोस्टिंग बदललं की उपयोगी पडत नाही.

कुणाला सांगायचं? कॉलेजच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. वर्गाला नाही. रूममेटसोबत एका ताटात जेवायला हरकत नाही. टूथब्रश, रेझर, नेलकटर वेगळे ठेवायचे. जोडीदाराने लस पूर्ण करावी आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लशीने तयार होणारी संरक्षक अँटिबॉडी) मिलिलिटरमागे किमान १० मिली-आययू आहे ना, हे पाहून घ्यावं. तोवर कंडोम.

लशीचे उरलेले डोस तिला नकोत. अपाय नाही, पण उपयोगही नाही. दर सहा महिन्यांनी एएलटी आणि डीएनए, दारू वर्ज्य. आणि पुढे कधी स्टेरॉइडचा मोठा कोर्स किंवा केमोथेरपी घ्यायची वेळ आली, तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना हे सांगायचं. अशा औषधांनी शांत असलेला विषाणू उसळतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत पाळी येऊ शकते.